पेठेचीं पत्रें व फुकट वांटलीं जाणारीं नियतकालिकें : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

(१) विषयप्रवेश

'इतिहासाचीं साधनें' असें म्हटलें म्हणजे आमच्या संशोधकवर्गाच्या डोळ्यांपुढें दप्तरें, बखरी, कैफियती, महजर व सनदा हींच प्रथम उभीं राहतात. हीं साधनें कोणीं जपलीं असें विचारल्यास उत्तर सरळ आहे. ज्यांस त्यांचा उपयोग होता त्यांनीं तीं जपलीं. सनद जपली ती वतनासाठीं, महजर जपला तो तंट्यासाठीं, आणि खतावणी जपली ती येण्यासाठीं. उपयोग सरला तेव्हां त्याच दप्तरांचे रुमाल माळ्यावर चढले, व पुढें त्यांतील कित्येक वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेले. राजवाडे, पारसनीस, खरे प्रभृतींनीं जें वांचविलें तें बहुतांशीं या शेवटच्या अवस्थेंतून वांचविलें.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेलें साधन याहूनही दुर्दैवी आहे. गांवचें लहान साप्ताहिक, उपनगरांत दारोदार फुकट टाकलें जाणारें पत्र, शहरांतील नाटकें, गाणीं व व्याख्यानें यांची वार्ता देणारें विनामूल्य मासिक, उत्सवमंडळाची स्मरणिका, या सर्व कागदांस आरंभापासूनच कोणी वाली नसतो. छापील आहेत म्हणून हस्तलिखितांचा संग्राहक त्यांजकडे पाहात नाहीं. क्षुल्लक आहेत म्हणून ग्रंथालय त्यांस कपाटांत जागा देत नाहीं. आणि फुकट आले म्हणून घरधनी ते दुसरे दिवशीं रद्दींत घालतो. आमचें म्हणणें असें कीं, नगराच्या नित्याच्या जीवनाचा जो पुरावा या कागदांत आहे तो दप्तरांत नाहीं, आणि तो नष्ट होण्याचा वेग मात्र दप्तरांच्या नाशाहून पुष्कळ अधिक आहे. म्हणून जुन्या कागदांची पारख ज्यांस आहे त्यांनींच हें काम हातीं घेतलें पाहिजे.

(२) पूर्वपीठिका

बातमी लिहून पाठविण्याची चाल आमच्याकडे छापखान्याहून जुनी आहे. मोगल दरबारचे अखबार संशोधकांस परिचित आहेतच. उत्तर पेशवाईंत पुणें दरबारच्या हालचाली निजामाचे बातमीदार हैद्राबादेस लिहून कळवीत. त्यांपैकीं उपलब्ध अखबार हैद्राबादच्या मध्यवर्ती दप्तरानें १९५३ पासून 'पूना अखबार' या नांवानें प्रसिद्ध केले. परंतु या अखबारांत दिसतो तो दरबार. पेठ व पेठेंतला रहिवासी हे प्रसंगानेंच दिसतात. बातमी ज्याच्या साठीं लिहिली त्याच्या दृष्टीबाहेरचें जग तींत उतरत नाहीं, हा नियम पुढें छापील पत्रांसही लागू आहे, हें येथेंच नमूद करून ठेवतों.

छापील मराठी पत्रांचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'पासून होतो. हें पत्र इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत शेजारशेजारच्या स्तंभांत निघे, व १८४० च्या जुलैंत तें बंद झालें. १८४१ सालीं भाऊ महाजनांनीं 'प्रभाकर' काढला. १८४८ पासून लोकहितवादींचीं शतपत्रें यांतच प्रसिद्ध होऊं लागलीं. या पत्रांचा रोख सर्व मराठी वाचकांवर होता. विशिष्ट नगराचें पत्र म्हणून ज्याकडे बोट दाखवितां येतें तें १२ फेब्रुवारी १८४९ रोजीं पुण्यास सुरू झालेलें 'ज्ञानप्रकाश'. पुण्याची म्युनिसिपालिटी १८५८ सालची. म्हणजे नगराचा कारभार पाहणारी संस्था जन्मास येण्यापूर्वीं नऊ वर्षें त्या नगरांत वृत्तपत्र निघत होतें. पाणी, रस्ते, दिवे व सफाई यांविषयींच्या तक्रारी ऐकणारें दुसरें स्थान नसतांना नागरिक आपलें गाऱ्हाणें कोठें मांडीत, याचा शोध अशा पत्रांच्या पत्रव्यवहारांतच घ्यावा लागतो.

यानंतर मुफसलांत पत्रांची पेरणी झपाट्यानें झाली. अहमदनगरास मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय' १८४२ पासूनच निघत होता. रत्नागिरीस १८५४ सालीं 'जगन्मित्र', साताऱ्यास १८५८ सालीं 'शुभसूचक', बेळगांवास १८६३ सालीं 'बेळगांव समाचार', ठाण्यास १८६६ सालीं 'अरुणोदय', पुन्हा रत्नागिरीस १८७१ सालीं 'सत्यशोधक' अशीं पत्रें निघालीं. कित्येकांचे अंक शिळाछापावर निघत. म्हणजे लेखक बोरूनें लिही व तेंच अक्षर दगडावरून कागदावर उतरे. मोडी व बाळबोध अक्षरांवरून काळ व लेखक ओळखणाऱ्या आमच्या संग्राहकांस असे अंक खरें पाहतां परके वाटूं नयेत.

याच मालिकेंत १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास काढलेल्या 'दीनबंधू'चें स्थान वेगळें आहे. जहागिरदार, देशमुख व सावकार यांच्या घरीं दप्तर असे. शेतकरी, कामकरी व कारागीर यांच्या घरीं तें नसे. त्यांचें नांव आढळतें तें दुसऱ्याच्या दप्तरांत, बहुधा देणेकरी म्हणून किंवा वेठीच्या यादींत. अशा वर्गानें स्वतःविषयीं स्वतः लिहिलेलें वाचावयाचें असल्यास लहान पत्रांवांचून दुसरा मार्ग उरत नाहीं. सरदाराच्या घरचा एक रुमाल हरवला तर त्याची जोड दुसऱ्या सरदाराच्या दप्तरांत मिळण्याचा संभव असतो. दीनबंधूसारख्या पत्राचा अंक हरवला तर त्याची जोड कोठेंच नसते.

(३) फुकट पत्राची घडण

वर्गणीचें पत्र व फुकट पत्र यांत भेद केवळ पैशाचा नाहीं. वर्गणीच्या पत्राचा धनी वाचक असतो. फुकट पत्राचा धनी जाहिरातदार असतो. कागद, छपाई व वांटप यांचा सर्व खर्च जाहिरातींतून निघावयाचा, म्हणून पत्र जितक्या घरीं पडेल तितकें जाहिरातदारास हवें असतें, आणि ज्या मर्यादेंत त्याचें गिऱ्हाईक राहतें त्या मर्यादेबाहेर तें जाण्यांत त्यास कांहींच स्वारस्य नसतें. यामुळें फुकट पत्राचा प्रदेश फार नेमका असतो. एखादी पेठ, एखादें उपनगर, आगगाडीच्या स्टेशनाची एक बाजू, एवढाच त्याचा मुलूख. संशोधकाच्या दृष्टीनें हा गुणच आहे. मोठ्या दैनिकांत ज्या गल्लीचें नांव दहा वर्षांत एकदां येतें, तें या पत्रांत दर आठवड्यास येतें.

आमच्याकडे या प्रकाराचें एक देशी मूळही दाखवितां येतें. १८९३ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक स्वरूप आलें. त्याबरोबर मेळ्यांच्या पद्यांचीं चोपडीं निघूं लागलीं, व पुढें मंडळांचे अहवाल व स्मरणिका निघाल्या. आळींतल्या दुकानदारांनीं जाहिरात द्यावी, त्या पैशांत पुस्तिका छापावी, व ती वर्गणीदारांच्या घरीं विनामूल्य पोंचवावी, ही रीत फुकट नियतकालिकाचीच आहे. फरक इतकाच कीं, स्मरणिका वर्षांतून एकदां निघते. ज्या मंडळांस छपाईचा खर्च झेपत नसे त्यांनीं हस्तलिखित अंक काढले. शाळा, वसतिगृहें, चाळी व वाचनालयें यांचीं हस्तलिखित मासिकें एकाच प्रतींत असत. त्यांस हस्तलिखित म्हणून संग्रहांत स्थान न देण्याचें कोणतेंही कारण आम्हांस दिसत नाहीं.

अन्य देशांतील उदाहरणें थोडक्यांत देतों. न्यूयॉर्कमधील 'व्हिलेज व्हॉइस' हें पत्र १९५५ सालीं एका वस्तीचें साप्ताहिक म्हणून निघालें. १९९६ सालीं तें शहरांत फुकट वांटलें जाऊं लागलें, व २०१७ सालीं त्याचा नियमित छापील अंक थांबला. लंडनचें 'टाइम आउट' १९६८ सालीं सुरू झालें, २०१२ सालीं फुकट झालें, व २०२२ सालीं छापणें बंद झालें. या दोनही ठिकाणीं किंमत जाण्याचा प्रसंग अखेरच्या अवस्थेचें लक्षण ठरला. तथापि हा नियम सार्वत्रिक नाहीं. शिकागोचें 'शिकागो रीडर' १९७१ पासून फुकटच वांटलें जात असतां अर्धशतकाहून अधिक काळ टिकलें.

या देशांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण मद्रासचें, म्हणजे आजच्या चेन्नईचें आहे. तेथें १९९१ सालीं एस्. मुथय्या यांच्या संपादकत्वाखालीं 'मद्रास म्युझिंग्ज' हें शहराच्या जुन्या वास्तु व आठवणी यांस वाहिलेलें नाममात्र किंमतीचें पाक्षिक निघालें, व १९९४ सालीं व्हिन्सेंट डिसूझा यांनीं मैलापूर भागापुरतें 'मैलापूर टाइम्स' हें विनामूल्य साप्ताहिक काढलें. शहराचा जन्मदिन म्हणून २२ ऑगस्ट हा दिवस 'मद्रास डे' या नांवानें २००४ पासून पाळला जातो. त्या उपक्रमाच्या प्रवर्तकांत हे दोघेही होते. पेठेचें पत्र केवळ इतिहासाचें साधन न राहतां इतिहासाची जाणीव उत्पन्न करणारेंही होऊं शकतें, हें यावरून दिसून येईल.

(४) हीं पत्रें कोणीं राखलीं ?

१८६७ च्या छापखान्याच्या कायद्यानें नव्या पुस्तकांच्या प्रती सरकारांत देण्याची सक्ती झाली व पुस्तकांच्या तिमाही याद्या निघूं लागल्या. वृत्तपत्रांस मात्र त्या वेळीं छापणाराचें व प्रसिद्ध करणाराचें प्रतिज्ञापत्र एवढीच मुख्य अट होती. यामुळें त्या काळचें एखादें सामान्य पुस्तक यादींत सांपडतें, परंतु त्याच वर्षींच्या गांवच्या साप्ताहिकाचा मागमूस लागत नाहीं.

पत्रांवर नजर ठेवण्यासाठीं मुंबई सरकार देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास तयार करवी. १८६८ पासूनचे हे गोषवारे अभ्यासकांस ठाऊक आहेत. ज्या पत्रांचे मूळ अंक नाहींसे झाले त्यांचा आवाज कित्येक वेळां एवढ्याच ठिकाणीं ऐकूं येतो. दीनबंधूच्या आरंभीच्या वर्षांचा अभ्यासही पुष्कळ अंशीं यांवरच विसंबून करावा लागला आहे. परंतु येथें अखबारांचा तोच जुना दोष पुन्हा आडवा येतो. सरकारास जें हवें तें भाषांतरकारानें उचललें. राज्यकारभारावरील टीका राहिली; धान्याचे भाव, नाटकाची जाहिरात, यात्रेची हकीकत, विहिरींत पडून मेलेल्या मुलाची बातमी, हें सर्व गळालें. परक्या राज्यकर्त्याच्या संशयानें जेवढें राखलें तेवढें राहिलें. आमच्या आस्थेनें राखलेलें फार थोडें आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्यानें पुस्तकांच्या, व १९५६ च्या दुरुस्तीनें वृत्तपत्रांच्याही प्रती ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांस देणें आवश्यक झालें. त्यांत मुंबईचें मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सूचींच्या बाबतींत शंकर गणेश दाते यांचें नांव कृतज्ञतेनें घेतलें पाहिजे. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १९४४ सालीं निघाला, आणि १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूचि १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु कायदा व सूचि या दोहोंचें जाळें मोठ्या माशांसाठीं विणलेलें आहे. चार पानांचें पत्र, दोन वर्षें निघून बंद पडलेलें मासिक, उत्सवापुरती छापलेली स्मरणिका, हीं त्यांतून सहज निसटतात.

(५) त्यांत काय मिळतें ?

पहिला लाभ स्थलनामांचा. जाहिरातदारास आपलें दुकान गिऱ्हाइकास सांपडावें अशी निकड असते, म्हणून तो पत्ता शक्य तितका उघड करून लिहितो : अमुक वाड्यासमोर, तमुक हौदाजवळ, जुन्या पाराच्या मागें. वाडा पडतो, हौद बुजतो, पार रस्तारुंदींत जातो. जाहिरातींत तीं तिन्हीं राहतात. एखाद्या पेठेचा जुना नकाशा पुन्हा मांडावयाचा असल्यास सरकारी मोजणीच्या कागदांस या पत्त्यांची जोड दिल्यावांचून रिकाम्या जागा भरत नाहींत.

दुसरा लाभ रंगभूमि व संगीत यांच्या इतिहासाचा. 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहांत झाला, हें सर्वश्रुत आहे. परंतु एखादी नाटकमंडळी लहान गांवीं केव्हां उतरली, तिचा मुक्काम किती दिवस होता, कोणतीं नाटकें लागलीं, तिकिटाचे दर काय होते व स्त्रियांची बसण्याची सोय निराळी होती कीं नाहीं, हें त्या गांवच्या साप्ताहिकावांचून कोठें मिळावयाचें ? आजच्या काळांतील लहान सभागृहें, हौशी नाट्यसंस्था व घरगुती बैठकी यांविषयींही पुढील शतकांतील संशोधक हाच प्रश्न विचारील, आणि त्याचें उत्तर आज फुकट वांटल्या जाणाऱ्या कार्यक्रमपत्रांत आहे.

तिसरा लाभ आपत्तींच्या हकीकतींचा. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला. सरकारी अहवालांत पाण्याची उंची व नुकसानीचे आंकडे मिळतात. कोणतें दुकान पुन्हा उघडलें, कोणतें स्थलांतर करून दुसऱ्या वस्तींत गेलें, कोणत्या शाळेचे वर्ग कोणाच्या वाड्यांत भरूं लागले, हें मात्र पुढील महिन्यांच्या लहानसहान सूचना व जाहिराती लावूनच कळतें. याच पुरानें नदीकांठच्या पेठांतील घरोघरचे कागदही नेले. यास्तव त्यापूर्वींच्या कोणत्याही स्थानिक पत्राचा एक सुटा अंकही मौल्यवान् समजला पाहिजे.

(६) कालनिर्णय

वर्गणीच्या पत्रांवर मिति, वार, शक व इसवी तारीख बहुधा असते. पंचांगावरून ती ताडून पाहतां येते. फुकट पत्रें व स्मरणिका यांवर कित्येकदां वर्ष छापलेलेंच नसतें, आणि असल्यास तें मुखपृष्ठावर असून मुखपृष्ठच गळालेलें असतें. अशा वेळीं आंतील मजकुरावरून पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा ठरवावी लागते. त्यास उपयोगी पडणाऱ्या कांहीं खुणा येथें देतों.

(अ) नाणें. किंमती आण्यांत असल्यास अंक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वींचा. 'नये पैसे' असा शब्द असल्यास १९५७ ते १९६४ या दरम्यानचा.

(आ) वजनें. शेर, मण व तोळे यांची जागा किलो व ग्रॅम यांनीं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें घेतली, व १९६२ सालीं दशमान वजनें सक्तीचीं झालीं. बोलण्यांत मात्र जुनीं नांवें पुढेंही राहिलीं, म्हणून ही खूण दुय्यम समजावी.

(इ) टपालाचा पत्ता. 'पुणें २', 'मुंबई ४' असा विभागाचा आंकडा जुन्या रीतीचा. सहा आंकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. पिनकोड असल्यास अंक त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. नसल्यास मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं.

(ई) संस्था व राज्य यांचीं नांवें. पुण्याच्या बाबतींत 'महानगरपालिका' हा उल्लेख १९५० नंतरचा, ठाण्याच्या बाबतींत १९८२ नंतरचा. 'महाराष्ट्र राज्य' हा उल्लेख १ मे १९६० नंतरचा.

(उ) स्थलनामें. पुण्याची मंडई १८८६ सालीं 'रे मार्केट' या नांवानें उघडली. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. कोणतें नांव वापरलें आहे यावरून अंक कोणत्या कालखंडाचा हें ढोबळ मानानें कळतें.

(ऊ) लिपि व लेखनपद्धति. 'अि', 'अु' अशी सावरकरी बाराखडी आढळल्यास अंक तिच्या प्रसारानंतरचा, हें उघड आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु जुन्या वळणाचे लेखक व मुद्रक पुढेंही ते देत राहिले, म्हणून केवळ टिंबांवरून अंक जुना ठरवूं नये.

(ए) दूरध्वनि. क्रमांकांतील आंकड्यांची संख्या काळाबरोबर वाढत गेली. खिशांतील दूरध्वनीचा क्रमांक असल्यास अंक १९९५ पूर्वींचा नव्हे.

(ऐ) कायदेशीर मजकूर. अंकाच्या अखेरीस बारीक अक्षरांत छापणाराचें व प्रसिद्ध करणाराचें नांव असतें. वाचक तें ओलांडून जातो, संशोधकानें तेथूनच आरंभ करावा. याशिवाय १९५६ च्या नियमांप्रमाणें नोंदलेल्या पत्रास फेब्रुवारीअखेरनंतरच्या पहिल्या अंकांत मालकी, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांविषयींचें निवेदन छापावें लागे. 'नमुना ४' या नांवानें तें ओळखलें जातें. वर्षाचे इतर सर्व अंक गेले व एवढा एक अंक राहिला तरी पत्राचा धनी कोण हें त्यावरून सिद्ध होतें.

या सर्व खुणा वापरतांना एक धोरण ठेवावें. छापखान्यांत जाहिरातींचे तयार ठोकळे ठेवलेले असत व तेच वर्षानुवर्षें वापरले जात. त्यामुळें एका अंकांत जुने व नवे दोन्ही प्रकारचे उल्लेख आढळतात. अशा वेळीं सर्वांत अलीकडची खूण पूर्वमर्यादा म्हणून धरावी. जुनी खूण केवळ ठोकळ्याचें वय सांगते, अंकाचें नव्हे.

(७) पुराव्याची पारख

ज्या कसोट्या आपण बखरींस लावतों त्या या पत्रांसही लाविल्या पाहिजेत. प्रथम, जाहिरात ही संकल्पाचा पुरावा आहे, घटनेचा नव्हे. प्रयोगाची जाहिरात आली म्हणजे प्रयोग झालाच असें नाहीं. पुढील अंकांत हकीकत किंवा रहित झाल्याची सूचना आहे कीं काय हें पाहावें. दुसरें, लहान पत्रें मोठ्या पत्रांतून मजकूर उचलीत. तीन पत्रांत एकच बातमी त्याच शब्दांत आढळली तर ते तीन साक्षीदार नव्हत. एकच साक्षीदार तीनदां बोलला आहे. तिसरें, फुकट पत्रांतील स्तुति विकत घेतलेली असण्याचा संभव सदैव ध्यानांत ठेवावा. ज्या पानावर दुकानाची जाहिरात, त्याच्याच समोरील पानावर त्या दुकानदाराचें चरित्र, असा जोड दिसल्यास अर्थ उघड आहे.

चौथी गोष्ट मौनाची. जाहिरातदार ज्यांस गिऱ्हाईक समजत नाहीं ते लोक फुकट पत्रांत दिसत नाहींत. उपनगराच्या पत्रांत इमारतींचीं कुटुंबें, शिकवण्या व मिठाईचीं दुकानें यांची रेलचेल असते; त्याच इमारतींत धुणेंभांडीं करणाऱ्या बायकांची वस्ती नाल्यापलीकडे असते, तिचा उल्लेख सांपडला तर तो अस्वच्छतेच्या तक्रारींत. दरबारच्या अखबारांत पेठ दिसत नव्हती, सरकारी गोषवाऱ्यांत बाजारभाव दिसत नव्हता, आणि या पत्रांत वस्ती दिसत नाहीं. यास्तव पत्र हातीं घेतांच तें कोणासाठीं निघालें व कोणाच्या पैशावर निघालें, हे दोन प्रश्न आधीं विचारावे.

(८) कागद व त्याची निगा

जुना कागद अधिक जीर्ण असावयाचा, असा सर्वसाधारण समज आहे. वृत्तपत्रांच्या बाबतींत तो उलटा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाप्रमाणेंच तो लवचिक राहतो. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वृत्तपत्रांस सरसकट वापरांत आला. त्यांत लांकडांतील द्रव्यें तशींच राहतात, व कागद तयार करतांना घातलेल्या तुरटीमुळें त्यांत आम्लता असते. उजेड व उष्णता लागून असा कागद पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि घडीवर तुटतो. म्हणून १८५० सालचा अंक हातांत उलगडतां येतो व १९२० सालचा अंक उलगडतांना त्याचे तुकडे पडतात. अलीकडील रंगीत मासिकांचा तकतकीत कागद आणखी निराळा. त्यावर मातीचा लेप असल्यामुळें तो भिजला कीं पानें एकमेकांस चिकटतात व सुकल्यावर सोडवितां येत नाहींत.

निगा राखण्याचे नियम थोडेच आहेत. अंक घडी न घालतां आडवे ठेवावे. लोखंडी टांचण्या गंजून कागद खातात, त्या हलक्या हातानें काढून टाकाव्या. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद कांहीं वर्षांनीं तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. दोन अंकांमध्यें आम्लविरहित कागद घालावा, व वृत्तपत्राचा कागद हस्तलिखिताशीं लागून कधींही ठेवूं नये, कारण त्याची आम्लता शेजारच्या चांगल्या कागदांत उतरते. शक्य तितक्या लवकर प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें. परंतु छायाचित्र घेतलें म्हणून मूळ टाकूं नये. कागदाची जात, शाईचा पोत व कापलेल्या कडा छायाचित्रांत येत नाहींत.

(९) सूचना

शेवटीं संग्राहकांपुढें एक नम्र सूचना ठेवतों. सर्व पत्रें सर्वांनीं जमविणें अशक्य आहे; त्याची गरजही नाहीं. प्रत्येकानें आपल्या राहत्या जागेपुरता एक टापू घ्यावा : एक पेठ, एक तालुक्याचें गांव, एक उपनगर. तेथील फुकट पत्र येतांच त्यावर तें कोणत्या तारखेस, कोठें व कोणत्या रीतीनें मिळालें, हें शिसपेन्सिलीनें लिहावें. दाराशीं टाकलें, दैनिकाच्या आंत घालून आलें, कीं दुकानांत गठ्ठा ठेवला होता, ही नोंद आज क्षुल्लक वाटेल. परंतु पत्र कोणापर्यंत पोंचलें हें ठरविण्यास दुसरा पुरावा पुढें मिळणार नाहीं. बंद पडलेल्या पत्राच्या संपादकाच्या घरीं जुडगा असतो. तो रद्दींत जाण्यापूर्वीं गांठावा, व त्याबरोबर जाहिरातींच्या पावत्या, वर्गणीदारांच्या याद्या व छपाईचीं बिलें असल्यास तींही मागून घ्यावीं. उत्सवमंडळांच्या स्मरणिकांची वर्षवार यादी करावी आणि मधलीं कोणतीं वर्षें नाहींत तें प्रसिद्ध करावें, म्हणजे ज्याच्या घरीं तीं असतील त्यास पुढें येतां येईल.

हीं पत्रें आतां कागद सोडून दूरध्वनीच्या पडद्यावर जात आहेत. यामुळें छापील फुकट पत्राचा कालखंड आमच्या डोळ्यांदेखत मिटत चालला आहे, आणि मिटत चाललेल्या कालखंडाचे कागद जमविण्याची वेळ तो मिटतांनाच असते. दप्तरांच्या बाबतींत ती वेळ ओळखण्यास आमच्या पूर्वसूरींस उशीर झाला, तो त्यांच्या दोषामुळें नव्हे. ते जन्मास येण्यापूर्वींच पुष्कळ रुमाल गेले होते. या साधनाच्या बाबतींत तशी सबब सांगण्यास जागा नाहीं. पुढील आठवड्याचा अंक अद्याप दाराशीं यावयाचा आहे. इत्यलम्.